एका कागदाला एकच प्रश्न

रत्नागिरीत घरविक्रीच्या कामाला दोन मोसम असतात : गणपती आणि मे महिना. मुंबई-पुण्याचे चाकरमानी त्या दिवसांत गावी येतात, भावंडं ओटीवर एकत्र बसतात, कौलं शाकारायच्या खर्चाचा विषय निघतो, मग वाळवीचा, आणि कुणीतरी म्हणतं, "ठेवून तरी काय करायचंय?" गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की त्यातली निम्मी मंडळी माझ्या ऑफिसात असतात. मी वकील आहे. पण माझी वर्षं कोर्टापेक्षा खरेदीखतं, हक्कसोडपत्रं आणि सर्च रिपोर्ट यांतच जास्त गेली. येणाऱ्यांच्या हातात बहुधा कापडदुकानाची जुनी पिशवी असते. तिच्यात घरपट्टीच्या पावत्या, एक-दोन सातबारे, लाइट बिल, आजोबांच्या वेळचं एखादं मोडीतलं खत आणि कुणाचा तरी मृत्यूचा दाखला. पिशवी टेबलावर ठेवून पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, किती येतील?"

मी उलट विचारते, "किती जणांच्या सह्या येतील?"

सातबारा, असेसमेंट, बिनशेती, साठेखत, रेकनर हे शब्द घरोघर ऐकलेले असतात. अर्थ विचारला तर प्रत्येक जण काही ना काही सांगतो आणि ते फारसं चुकीचंही नसतं. व्यवहार अडतो तो एका कागदाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेल्यामुळे. म्हणून येईल त्याला मी एकच सांगते : एका कागदाला एकच प्रश्न विचारा, आणि तो ज्या कचेरीतून आलाय त्या कचेरीच्याच कामाचा विचारा.

"घर आमच्याच नावावर आहे," म्हणून जो कागद पुढे येतो तो बहुतेक वेळा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. लोक त्याला असेसमेंट म्हणतात. घरपट्टी कुणाकडून घ्यायची, एवढ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. घराखालची जमीन कुणाची, हे ग्रामपंचायत सांगत नाही, सांगूही शकत नाही. देशावरच्या गावांत घरं गावठाणात दाटीनं असतात. आमच्याकडे ती वाडी-वाडीनं पसरलेली, कुणाचं आगरात, कुणाचं कातळाच्या कडेला. मिरजोळे, शिरगाव, नाचणे या बाजूची कितीतरी जुनी घरं गावठाणाबाहेर, सातबाऱ्याच्या जमिनीत उभी आहेत. म्हणजे घराचा कागद ग्रामपंचायतीत आणि जमिनीचा तलाठ्याकडे. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण लोकांच्या तोंडी अजून तलाठीच आहे. असेसमेंट धाकट्याच्या नावे आणि जमीन चुलत्याच्या नावे, असं दिसलं की मला आश्चर्य वाटत नाही. घर बांधताना चुलत्यानं "बांध रे," म्हटलेलं असतं आणि तेवढ्यावर दोन पिढ्या गेलेल्या असतात.

शहरात सिटी सर्व्हेच्या हद्दीत सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका, म्हणजे लोकांचं प्रॉपर्टी कार्ड असतं. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून खेड्यांतही अशी कार्डं देणं सुरू झालं. ज्यांचं घर गावठाणाबाहेर, त्यांना मात्र सातबाराच धरून चालायला हवं.

आणि सातबाऱ्यालाही त्याच्या बाहेरचा प्रश्न विचारू नये. तो महसुलाचा दप्तरी कागद आहे. त्यातल्या नोंदीनं मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हापुन्हा सांगितलंय. मालकी येते खरेदीखतानं, वाटणीपत्रानं, मृत्युपत्रानं किंवा वारशानं. सातबारा तिची नुसती दखल घेतो, तीही कधी कधी उशिरा. म्हणून सर्च घ्यायचा. मागच्या ३० वर्षांचे दस्त दुय्यम निबंधकांकडे बघायचे, इंडेक्स टू काढायचे, फेरफार एकेक करून मागे चालत जायचं आणि साखळीत कुठे कडी निसटली आहे का ते पाहायचं. घेणाऱ्याचा वकील हे करणारच असतो. विकणाऱ्यानं ते आधी करून ठेवलं तर गिऱ्हाईकासमोर गडबडायची वेळ येत नाही.

कडी बहुतेक वेळा नावांत निसटते. जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." अशी तीन अक्षरं असतात : एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला, भावंडं लहान किंवा मुंबईत, म्हणून थोरल्याचं नाव लागलं. तो कारभारी, एकटा मालक नव्हे. मात्र त्याची मुलं मोठी होतात ती "जमीन बाबांच्या नावावर" हे ऐकतच. अशा नोंदींच्या जागी सगळ्या वारसांची नावं लावून घेता येतात. मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी सरकारनं २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीमही काढली. ज्यांनी ते उरकून घेतलं त्यांची विक्री सुटसुटीत झाली.

मिरजोळ्याकडचं एक कुटुंब यासाठी मला नेहमी आठवतं. दोघे भाऊ, एक डोंबिवलीला, एक ठाण्याला, आणि घरात एकटी राहणारी आई. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव, पुढे ए.कु.मॅ. वडील वारलेले. घरजागा आजोबांनी स्वतः पैसे मोजून घेतलेली आणि ते सत्तरच्या दशकात मृत्युपत्र न करता गेले. आजीही मागोमाग गेली. मागे राहिली दोन मुलं : या भावांचे वडील आणि लांज्याला दिलेली आत्या.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून, मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीनं वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, केंद्रानं २००५ मध्ये. आणि त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असायला हवेत असं काही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. इथे तर १९५६ चाच कायदा पुरेसा होता. आत्याचा हिस्सा निम्मा. उरलेल्या निम्म्यात आई आणि दोन मुलं.

थोरला म्हणाला, "आत्या सही देते म्हणाली आहे. तिचं हक्कसोड करून घ्या, म्हणजे झालं."

आत्या आली ती चष्मा पुसतच. सत्तरी ओलांडलेली, पण मसुदा स्वतः वाचायचा हट्ट. भाच्यांनी कुणाकडून तरी आधीच एक मसुदा करून आणला होता आणि त्यात तिचं नाव "मान्यता देणार" म्हणून घातलं होतं. तिनं बोट तिथेच ठेवलं. "बाई, हे मान्यता देणार म्हणजे कोण?"

मी सांगितलं. लिहून देणार म्हणजे विकणारा. किमतीतला त्याचा वाटा त्याच्या नावच्या चेकनं येतो. मान्यता देणार म्हणजे, व्यवहाराला माझी हरकत नाही असं सांगणारा; त्याला पैसे मिळतातच असं नाही. आणि हक्कसोड म्हणजे आपला हिस्सा घरातल्यांसाठी सोडणं, बहुधा मोबदला न घेता. तेही नोंदवावंच लागतं, नुसतं स्टॅम्पपेपरवर लिहून भागत नाही.

"मग मला लिहून देणारांत घाला. बाबांनी घेतलेली जागा मी विकत्येय. मान्यता कसली देऊ?"

धाकटा म्हणाला, "अगं आत्या, तुला नंतर आम्ही देणारच होतो."

"मग गिऱ्हाईकालाच देऊ दे की. तुम्हाला कशाला त्रास?"

आई खुर्चीत बसून इतका वेळ गप्प होती. ती हसली आणि म्हणाली, "वन्सं म्हणतात ते बरोबर आहे. नाव पहिलं त्यांचंच घाला." मसुदा बदलला. लिहून देणार क्रमांक एक आत्या, चार पॅन कार्डं, चार बँक खाती. भावांना आधी जड गेलं. पण घेणाऱ्याचा वकील खूश झाला, कारण त्याला भीती होती ती नेमकी याच सहीची. ती सही नसती तर भावांनी विकला असता तो फक्त स्वतःचा आणि आईचा हिस्सा. आणि राहत्या घरातला असा अविभक्त हिस्सा घेणारा परका माणूस आत राहायला येण्याचा हक्क सांगू शकत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे. गिऱ्हाईक त्याला भाव देणार कसा? राजिवड्याकडची मुस्लिम कुटुंबं येतात तेव्हा हिस्से त्यांच्या व्यक्तिगत कायद्यानं पडतात, पण बहिणीची सही तिथेही टळत नाही. कुवेत-दुबईला असलेल्या मुलाचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून आलं, तर महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. ही मुदत मी फोनवर सांगते, पत्रात लिहिते आणि पुन्हा फोनवर सांगते.

विकणारा सातबाऱ्यावर नाव बघतो. घेणाऱ्याचा वकील "इतर हक्क" बघतो. सोसायटीचा बोजा, विहिरीतला सामाईक हिस्सा, दुसऱ्याच्या कलमांचा हक्क, आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे कूळ. रत्नागिरी जिल्हा खोतीचा. १९४९ च्या कायद्यानं खोती गेली आणि कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणारं कूळ मालक मानलं गेलं. त्या कुळांना किंमत भरून मिळालेला दाखला म्हणजे ३२ म. आजोबांनी तो पत्र्याच्या पेटीत जपलेला असतो आणि नातवाला त्याचं मोल माहीत नसतं. अशा जमिनीवर कलम ४३ ची अट असते. पूर्वी विक्रीला आधी परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळानं खरेदी घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून विकता येतं. वरकस जमिनीचा आकार रुपया-दोन रुपये, त्यामुळे नजराणा किरकोळच. पण तो भरला नसेल तर लाखोंची खरेदी फेरफारात अडकते.

कूळकायद्याचंच कलम ६३ मुंबईच्या गिऱ्हाईकाला आडवं येतं. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. घर कितीही मोठं असो, खालची जमीन कागदावर शेतीची असेल तर गिऱ्हाईकाला कुठला तरी सातबारा दाखवावा लागतो, नाहीतर आपल्याला जागा आधी बिनशेती करावी लागते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जागांना त्यात सवलत आहे. भाट्ये-मिऱ्या बाजूला भरतीरेषेचे नियम आणखी वेगळे. समुद्र दिसतो म्हणून भाव वाढवणाऱ्याला, समुद्र दिसतो म्हणूनच गिऱ्हाईक काय काय विचारणार आहे, ते आधी सांगून ठेवावं लागतं.

आता क्षेत्र. बोलण्यात गुंठे, सातबाऱ्यावर आर, गिऱ्हाईकाच्या डोक्यात स्क्वेअर फूट. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून लोक एकच धरतात. पण आर थोडा लहान, १०७६ फुटांच्या आसपास. शहरालगतच्या जागेत, जिथे दर फुटावर ठरतो, तिथे हा तेरा फुटांचा फरक दर गुंठ्यामागे मोजावा लागतो. मी मसुद्यात चौरस मीटरच लिहिते आणि कंसात काही घालत नाही.

क्षेत्र आकड्यात, जागा मात्र चतुःसीमेत. जुन्या खतांत पूर्वेस पाणंद, दक्षिणेस अमक्याचं आगर, पश्चिमेस गडगा, उत्तरेस पऱ्या. आज पाणंदीवर डांबर पडलंय, आगर तिघांत वाटलं गेलंय, गडग्याचे चिरे कुणीतरी दोन हात सरकवून रचलेत. म्हणून भूमी अभिलेखाकडून मोजणी करून 'क' प्रत हातात घेतल्याशिवाय हद्दीवर बोलूच नये. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना नोटीस जाते, ते येतात, कुणी भांडतं, कुणी चहा आणतं. ते भांडण विक्रीआधी झालेलं परवडतं. वाटेचंही तसंच. शेजारच्या खळ्यातून वहिवाटीनं जायची वाट असेल तर ती दस्तात यायला हवी, आणि वीस वर्षांची वहिवाट नुसत्या "आम्ही इथूनच जातो," या वाक्यानं सिद्ध होत नाही. कलमं कराराने दिलेली असतील तर चालू मोसमाचा आंबा कुणाचा, हे लिहायचं. ताबा मार्चमध्ये आणि पेट्या मेमध्ये, अशी ओढाताण दरवर्षी होते.

फ्लॅटवाल्यांची पिशवी त्या मानानं हलकी. मारुती मंदिर, कुवारबाव भागातल्या पंधरा-वीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट विकताना जुन्या करारात बिल्टअप लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक कार्पेट विचारतं, कारण रेरा आल्यापासून बिल्डरांना कार्पेटवरच विकावं लागतं. भिंतीच्या आतलं मोजून घ्या, इमारतीचा भोगवटा दाखला आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट शोधा, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का ते विचारा. यातलं शेवटचं बहुतेक इमारतींत झालेलं नसतं.

किमतीला तीन तोंडं असतात. गिऱ्हाईक देईल तो बाजारभाव, दस्तात लिहितो तो मोबदला, आणि सरकार धरतं ते रेकनरचं मूल्य. मोबदला आणि रेकनर यांत जे जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क. "दस्त कमीचा करू, बाकी रोख," हा प्रस्ताव अजून येतो. त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याला मंजूर नाही. शिवाय रेकनरचं मूल्य दाखवलेल्या मोबदल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल तर आयकर खातं रेकनरचीच किंमत मिळाली असं धरतं. रोख घेऊन वाचत काहीच नाही, वर झोप जाते.

करात लोकांना दिलासा मिळतो तो दुसऱ्याच ठिकाणी. घर १ एप्रिल २००१ च्या आधीपासून कुटुंबात असेल तर खरेदीची किंमत म्हणून त्या दिवशीचं बाजारमूल्य धरता येतं, फक्त ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याहून जास्त नसावं. आजोबांनी काहीशे रुपयांत घेतलेल्या जागेला यानं मोठा फरक पडतो. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल आधीच काढावा. एकूण किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस कापतो. विकणारे चार असले तरी ५० लाखांचा हिशोब आता एकूण रकमेवरच होतो. परदेशात स्थायिक झालेल्या भावाच्या वाट्यावर मात्र ही पन्नास लाखांची मर्यादा नाही आणि कपात बरीच जास्त असते. हे त्याला व्यवहार ठरण्याआधी कळलेलं बरं. चेक हातात आल्यावर कळलं तर तो भावांवर संशय घेतो.

मग कागद लिहायची वेळ. विसार म्हणजे शब्द दिल्याची खूण. पावतीत मुदत आणि व्यवहार मोडला तर काय, हे नसेल तर दोन्हीकडचे वर्षभर लटकतात. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्यानं मालकी जात नाही. मालकी जाते नोंदलेल्या खरेदीखतानंच. मुखत्यारपत्र देऊन पैसे घेतले म्हणून विक्री होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सुनावलं आहे. विकणाऱ्याला माझा हट्टाचा सल्ला एकच : साठेखताबरोबर चावी देऊ नका. ताबा दिला की महाराष्ट्रात त्या साठेखतावरही खरेदीखताइतका मुद्रांक लागतो, आणि घरात शिरलेल्या माणसाला उरलेल्या रकमेची घाई राहत नाही. खरेदीखत झालं की घेणाऱ्याचं नाव फेरफारानं लागतं. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. तेवढ्यात असेसमेंट आणि लाइटचं मीटरही नावावरून उतरवून घ्यावं. विकून मोकळं झाल्यावरही थकबाकीच्या नोटिसा जुन्याच नावाला येत राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

एवढं सगळं झाल्यावर एका काकांनी मला असा प्रश्न विचारला की मी पेन खाली ठेवलं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी त्यांच्या खळ्यात बसायची. "मॅडम, तो मान खरेदीखतात राखून ठेवता येईल काय?" मी म्हटलं, "काका, मान ही मिळकत नाही. मी लिहिलं तरी त्याला अर्थ नाही. तुम्ही गावकरांना विचारा." त्यांनी खरंच विचारलं. गावाची बैठक झाली. नव्या मालकानं दार उघडलं तर पालखी त्याच खळ्यात येईल, सहाणेवरचा मान मात्र काकांच्या घराण्याकडेच राहील, असं ठरलं. नवा मालकही त्या बैठकीला जाऊन बसला होता. खरेदीखत त्यानंतर आठवड्याभरात झालं, आणि त्यात पालखीचा उल्लेख कुठेही नाही. ज्याचा प्रश्न त्यालाच विचारायचा, हे काकांना माझ्यापेक्षा लवकर जमलं, कारण त्यांना आपलं गाव ठाऊक होतं. कचेऱ्यांचंही तसंच आहे. कुणाच्या दारात काय विचारायचं एवढं ठरलं, की पिशवीतले निम्मे कागद आपोआप जागेवर बसतात, आणि "किती येतील," या प्रश्नाला मग मलाही सरळ उत्तर देता येतं.